तीनशेपुढचे शून्य

आमची नात पाचवीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेने दिलेल्या गृहपाठात एक कलम असे होते : 'घरातील सर्वांची जन्मवर्षे रोमन संख्याचिन्हांत लिहून आणा.' पुस्तकातला धडा बेताचाच, पण बाई उत्साही असाव्यात. कन्या फराळाची बशी आणि वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली.

"आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग तुम्हाला येतच असेल."

बँकेत ३७ वर्षे काढलेल्या माणसाला सगळे आकडे येतात, असा घरोघरी समज असतो. तो मोडण्याचे धाडस मी कधी केले नाही. शिवाय रोमन आकड्यांशी माझे नाते तसे जवळचे. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या श्रेणी रोमन आकड्यांतच लिहितात. १९८२ साली मी स्केल एकमध्ये लागलो आणि २०१९ साली स्केल तीनमधून निवृत्त झालो. म्हणजे एका काठीच्या तीन काठ्या व्हायला मला उभी हयात लागली. चौथ्या श्रेणीने मात्र हुलकावणी दिली. रोमन चार म्हणजे 'पाचाला एक कमी'. आमची तेवढीही कमतरता कुणाला भासली नाही. असो.

वर्तमानपत्राच्या या पानावर मी रोमन अक्षरांची नावे देवनागरीतच लिहितो आहे. वाचकांनी हाताशी पेन्सिल घेऊन कडेच्या कोऱ्या जागेत खरी अक्षरे काढावीत. रविवार आहे, हरकत नाही. अक्षरे सातच : एकाला आय, पाचाला व्ही, दहाला एक्स, पन्नासाला एल, शंभराला सी, पाचशेला डी आणि हजाराला एम.

नातीला म्हटले, नियम पाठ करू नकोस, आपण कॅशियर-कॅशियर खेळू. समज, तुझ्या ड्रॉवरला सात कप्पे आहेत : हजार, पाचशे, शंभर, पन्नास, दहा, पाच आणि एक. खिडकीशी गिऱ्हाईक उभे आहे आणि त्याला २०१५ रुपये द्यायचे आहेत. (२०१५ हे तिचे जन्मवर्ष.) चांगला कॅशियर नेहमी सर्वांत मोठ्या नोटेपासून सुरुवात करतो. ती देता येईल तितकी देतो आणि मगच खालच्या कप्प्याकडे वळतो. हजाराच्या दोन : एम, एम. उरले पंधरा. पाचशे, शंभर, पन्नास इथे चालत नाहीत, तेव्हा ते कप्पे सोडायचे. दहाची एक : एक्स. पाचाचा एक : व्ही. गिऱ्हाईक खूष. एम-एम-एक्स-व्ही.

"एवढंच?" ती म्हणाली. तिचा थोडा हिरमोड झाल्यासारखा वाटला.

मग माझे वर्ष घेतले : १९५९. हजाराची एक दिली, उरले ९५९. आता पाचशेची एक आणि शंभराच्या चार द्यायच्या की काय? इथे रोमन कॅशियरची एक युक्ती आहे. चार सुट्या नोटा मोजत बसण्यापेक्षा तो वरची मोठी नोट देतो आणि एक छोटी परत मागून घेतो. नऊशे द्यायचे तर हजाराची नोट द्यायची आणि शंभर परत घ्यायचे. परत घेतलेली नोट आधी, म्हणजे डावीकडे लिहायची : सी-एम. उरले ५९. पन्नासाची एक : एल. उरले नऊ. दहा द्यायचे, एक परत : आय-एक्स. सगळे मिळून एम-सीएम-एल-आयएक्स. देण्याघेण्याच्या अशा जोड्या सहाच आहेत : ९००, ४००, ९०, ४०, ९ आणि ४. एकाचे नाणे फक्त पाच किंवा दहासाठी परत घेता येते, दहाची नोट पन्नास किंवा शंभरासाठी आणि शंभराची पाचशे किंवा हजारासाठी. सात कप्पे आणि सहा जोड्या मिळून तेरा. या तेरांची यादी मोठ्याकडून छोट्याकडे लिहून समोर ठेवली, की ३९९९ पर्यंतची कुठलीही संख्या पाचवीतल्या मुलीला न चुकता लिहिता येते.

पुढे कन्येने माझी गरज ठेवली नाही. थोड्या वेळाने तक्रार आली. "आजोबा, बाबा एवढे लांब आणि आई एवढीशी, असं कसं?" खरेच होते. बाबा १९८८ चे. त्यांना अकरा अक्षरे लागली. आई दोनच वर्षांनी लहान, १९९० ची. तिला पाच पुरली. मग मी तिला माझ्या आजोबांचे वर्ष सांगितले, १८८८. त्याला सातही अक्षरे लागतात आणि एकूण भरतात तेरा. रोमन हिशेबात आमच्या घराण्यातला सर्वांत लांब माणूस तोच. आणि २००० साली जन्मलेल्या तिच्या मावशीला फक्त दोन एम. संख्या मोठी म्हणून लिखाण मोठे, असा हिशेब इथे नाही.

'एक कमी' करून मोजण्याची ही तऱ्हा तिला परकी वाटेल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही, आणि का झाले नाही ते नंतर लक्षात आले. आपण मराठी माणसे तरी दुसरे काय करतो? एकोणीस म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण पुढच्या दशकातून एक परत घेतच मोजतो. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. रोमन लोकही लॅटिन बोलताना एकोणीसला 'उन्देविगिंती' म्हणत. त्याचा अर्थ शब्दशः एक उणे वीस. गंमत अशी, की अठरालाही ते दोन उणे वीस म्हणत. लिहिताना मात्र त्यांचे एकोणीस दहा आणि नऊ असे होते : एक्स-आयएक्स.

रोमन लोक स्वतः हे नियम आपल्या बाईंइतके काटेकोरपणे पाळत नसत, हेही नातीला सांगून टाकले. रोमच्या कलोसियमच्या काही कमानींवर दरवाजांचे क्रमांक अजून दिसतात. त्यातला ४४ वा दरवाजा पाहा : चाळीससाठी वजाबाकीचे एक्स-एल आहे आणि पुढच्या चारासाठी सरळ चार काठ्या. एकाच संख्येत दोन रीती! आमच्या वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळातही चाराच्या जागी चार काठ्याच होत्या. लहानपणी मला वाटे, कारागीर चुकला. पुढे कळले, की जगातल्या कितीतरी घड्याळांच्या तबकड्यांवर चार असाच लिहितात. समोरच्या बाजूच्या आठाला तोल यावा म्हणून, असे एक कारण सांगतात. लंडनच्या बिग बेनवर मात्र वजाबाकीचा चार आहे.

आता नातीचा पुढचा प्रश्न, जो मी टाळू पाहत होतो. "आजोबा, झीरो कसा लिहायचा?"

लिहायचाच नाही. २०५ लिहायचे तर शंभराच्या दोन आणि पाचाचा एक : सी-सी-व्ही. दशकाच्या घरात काही नाही, तर त्याबद्दल काही बोलायचेच नाही. रोमन अक्षर कुठेही बसले तरी त्याची किंमत ठरलेली. फार तर परत घेतलेल्या नोटेसारखे ते वजा होईल, पण शंभर हे शंभरच. आपल्या पद्धतीत तसे नाही. २ हा आकडा कुठल्या घरात बसला आहे त्यावरून तो दोन, वीस की दोनशे ते ठरते. म्हणूनच रिकाम्या घराची राखण करायला शून्य लागते. त्या राखणदारामुळेच आपल्याला कागदावर गुणाकार-भागाकार करता येतो. रोमनांना गणित करायचे तर मोजणीच्या पाटीवर खडे सरकवावे लागत. लॅटिनमध्ये खड्याला 'काल्क्युलस' म्हणतात. कॅल्क्युलेटर हा शब्द त्यातलाच. रोमन आकडे हे गणित करण्याचे साधन नव्हे, झालेले गणित लिहून ठेवण्याचे साधन आहे.

हे ऐकून आपण लगेच छाती पुढे काढतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, कोकणातून वर येणाऱ्या त्या प्राचीन व्यापारी वाटेवर, सातवाहनांची एक लेणी आहे. तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी : इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा करीत, असे सांगतात. बँकेतल्या माणसाने भक्तिभावाने जावे अशीच ती जागा. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखातील आकड्यांचा अभ्यास केला. आपल्या आजच्या आकड्यांचे पूर्वज त्या भिंतीवर आहेत. पण शून्य नाही! तिथे दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. म्हणजे तेव्हा आपणही रोमनांच्याच वाटेवर होतो. शून्य पुढे आले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम लिहिले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील एका देवळाच्या ८७६ सालच्या शिलालेखात '२७०' हा आकडा आपण आज लिहितो तसाच, शेवटी वाटोळे शून्य काढून कोरलेला आहे.

तिथून आपले शून्य अरबांकडे गेले आणि 'सिफ्र' झाले. लिओनार्डो हा इटलीतल्या पिसाचा. त्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे जकातीचे काम पाहत. मुलगा तिथे हे आकडे शिकला आणि १२०२ साली त्याने ग्रंथ लिहिला. सुरुवातीलाच तो भारतीयांचे नऊ आकडे आणि दहावे ते अरबी चिन्ह यांची ओळख करून देतो. इतकी सोयीची वस्तू दारी आल्यावर व्यापाऱ्यांनी ओवाळून घ्यायला हवी होती. झाले उलटेच. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वहीत हे नवे आकडे वापरायला मनाई केली. रकमा अक्षरांत लिहा म्हणून फर्मावले. याला कारण सांगतात ते फसवणुकीच्या भीतीचे. नव्या आकड्यांत शून्याचा सहा किंवा नऊ करणे सोपे, आणि शेवटी एक शून्य वाढवणे तर त्याहून सोपे.

पुस्तकांत ही हकिगत वाचणारे बहुतेक जण त्या सराफांना हसतात. मला हसू येत नाही. त्याचे कारण सांगतो.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. बाजाराचा दिवस होता, खिडकीपुढे ही गर्दी. एक म्हातारी भाच्याला घेऊन पैसे काढायला आली. अंगठ्याचे खाते, फोटो लावलेले. मी तिला ओळखत होतो. भाच्याने माझ्या टेबलाशीच उभे राहून पैसे काढण्याच्या स्लिपवर आकड्यात ३०० लिहिले. ते मी ओझरते पाहिले. अक्षरांची ओळ कोरी होती. "अक्षरी रक्कम लिहा," म्हणून मी स्लिप परत दिली आणि दुसऱ्याच्या कामाला लागलो. थोड्या वेळाने ती पुन्हा समोर आली. आकड्यात ३०००, अक्षरात तीन हजार, खाली म्हातारीचा अंगठा. शेवटचे शून्य जरा दाटीवाटीने बसले आहे, हे माझ्या डोळ्यांना दिसले होते. पण आकडे आणि अक्षरे जुळत होती, खात्यात पैसे होते, अंगठा खरा होता. बाई चार हातांवर उभी होती. "मावशी, किती काढायचे?" एवढेच विचारायचे होते. मी विचारले नाही. सही केली.

महिन्याभराने ती पासबुक भरून घ्यायला आली. कारकुनाने शिल्लक वाचून दाखवली, तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली. "तीनशेच काढलं हुतं की वो सायेब."

आम्ही बँकवाले दिवसाअखेर पुस्तके जुळवताना एक आडाखा वापरतो. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, की समजायचे, कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे किंवा एक शून्य जादा पडले आहे. तीन हजारातून तीनशे गेले, राहिले सत्तावीसशे. भागिले नऊ, तीनशे. अगदी चोख. पण त्या दिवशी आमच्या पुस्तकात फरक आलाच नव्हता. स्लिप तीन हजारांची, खतावणीत तीन हजार, रोकड तीन हजारांनी कमी. फरक आला तो म्हातारीच्या घरात. भाचा तोवर मुंबईला निघून गेला होता. वरिष्ठांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "कागद स्वच्छ आहे." कागद स्वच्छ होता, हे खरेच.

ते सत्तावीसशे तिला परत मिळाले नाहीत. माझ्या त्या वेळच्या पगारात ते मी एकदम भरू शकलो नसतो, हे खरे. थोडे थोडे करून भरू शकलो असतो, हेही खरे. मी भरले नाहीत. ती त्यानंतरही येत राहिली. पण प्रत्येक वेळी स्लिप माझ्याकडूनच लिहून घ्यायची आणि अंगठा उठवण्याआधी म्हणायची, "वाच." मी वाचायचो. मग म्हणायची, "परत वाच."

सी-सी-सी लिहिलेल्या तीनशेच्या उजवीकडे काहीही वाढवा, नियमाने फार तर ३९९ होतील. तीन हजार कधीच होणार नाहीत. त्याला तीन एम लागतात. फ्लॉरेन्सच्या त्या सराफांना नेमके काय डाचत होते, ते मला त्या टेबलाशी कळले. पण म्हणून रोमन आकडे साधू होते असेही नाही. डावीकडे एक डी वाढवला की तीनशेचे आठशे होतात. शेवटी एक काठी वाढवली की सहाचे सात. त्यावर मध्ययुगातल्या कारकुनांनी तोड काढली होती. ते शेवटच्या आयला खाली शेपूट काढून त्याचा जे करीत. आठ लिहायचे तर व्ही, दोन आय आणि शेवटी जे. जे आला, की संख्या संपली. त्यापुढे काठी घालता येणार नाही. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांची संख्याही अशीच लिहिली जाई.

आपल्याकडेही असा जे आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आकड्यापुढे आपण तिरकी रेघ आणि आडवी रेघ काढतो, ती कशासाठी? अक्षरी रकमेच्या शेवटी 'फक्त' लिहितो, ते कशासाठी? तिथेही तेच सांगायचे असते : इथे संख्या संपली. आणि चेकवर आकडे एक आणि अक्षरे दुसरेच सांगत असतील, तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे १८ वे कलम म्हणते, अक्षरी रक्कम खरी धरावी. १२९९ सालच्या त्या सराफांचे म्हणणे पुरते हरले नाही, ते असे आपल्या कायद्यातही शिल्लक आहे. हिशेबाला आकडे, विश्वासाला अक्षरे. एकाने काम सोपे होते, दुसऱ्याने काम जपून होते. दोन्हींची गरज असते. त्या म्हातारीच्या स्लिपवर दोन्ही होते. तरी फसगत झाली, कारण जिचे पैसे तिला कुणी वाचून दाखवले नव्हते.

हल्ली मी फोनवरून पैसे पाठवतो. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम टाकली की खाली ती अक्षरांत उमटते. घरातली तरुण मंडळी तिकडे बघतसुद्धा नाहीत. मी चष्मा लावून ती ओळ वाचतो आणि मगच बटण दाबतो. बायको म्हणते, दूधवाल्याचे पैसे द्यायला एवढा वेळ? मी काही बोलत नाही.

नातीचा गृहपाठ संपत आला होता. शेवटी तिने घरातल्या सगळ्यांची वर्षे एका ओळीखाली एक मांडली आणि वही मिटायला घेतली.

"थांब," मी म्हटले. "एकदा मोठ्यानं वाच."

तिने वाचले. एम-सीएम-एल-आयएक्स, आजोबा. एम-एम-एक्स-व्ही, मी. सगळे बरोबर होते.

"परत वाच," मी म्हटले.